वरच्या आळीची मोरी, खालच्या वाडीचा झरा

आज आपण सांडपाण्याबद्दल बोलू या. विषय नाक मुरडण्यासारखा वाटेल, पण डोंगरातल्या गावात निम्मी भांडणं याच पाण्यावरून होतात.

आमचं गाव जावळी तालुक्यात, उतारावर आहे. वर आमची आळी, खाली वाडी. डोक्यावर हंडे आणायचो तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या अळूलाही पुरत नव्हतं. मग घरोघरी नळ आले. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. म्हणजे पाच माणसांच्या घरात 275 लिटर पाणी येतं आणि त्यातलं दोनशेच्या आसपास मोरीतून बाहेर पडतं. नळ आला, पण त्या पाण्याची सोय कुणी केली नाही. ते उतारानं वाडीच्या झऱ्याकडे गेलं. झऱ्याला साबणाचा वास येऊ लागला, पोरांना जुलाब लागले. त्या संक्रांतीला वाडीतली एकही बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही.

मग आम्ही गटानं शोषखड्डे घेतले. पहिले चार पावसाळ्यात तुंबले. चूक आमचीच होती. सपाटीवरच्या गावात पाहिलं तसंच आम्ही इथं केलं. आपल्याकडे वर हात-दीड हात माती आणि खाली कातळ. पाणी स्वच्छ होतं ते मातीतून हळूहळू झिरपताना. मातीतले जिवाणू घाण खातात. कातळाची भेग काहीच गाळत नाही. वर ओतलेलं खाली जसंच्या तसं निघतं.

म्हणून आता आम्ही आधी जमीन तपासतो. फूटभर खड्डा करून पाण्यानं भरायचा. ते मुरलं की पुन्हा भरायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर तिथं शोषखड्डा नको. चांगली माती लागली, तर मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. खाली मोठे दगड, वर लहान, आणि तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. खरकटं आणि तेलकट साका मडक्यातच अडकतो. आठवड्याला शेंड्या धुवायच्या, नाहीतर खड्डा वर्षभरातच बुजतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा घ्यायचाच नाही.

कातळ लागला तिथं आम्ही कर्दळीचा वाफा केला. लांबट चर, तळाला जाड प्लास्टिक, वर खडी आणि खडीत कर्दळ. पाणी खडीच्या आतून वाहतं, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात. शेवटाला केळी लावल्या. हे पाणी झाडांना चालतं, पिण्याला किंवा भांड्यांना नाही. कच्च्या खायच्या पालेभाजीलाही घालू नका.

संडासाचं वेगळं. मोरीचं पाणी त्यात सोडू नका, खड्डा लवकर भरतो. दोन खड्डे ठेवा. एक भरला की बंद करून दुसरा सुरू करा. बंद केलेला निदान वर्षभर उघडायचा नाही. तोवर त्याचं वास नसलेलं खत होतं. हे खड्डेही झऱ्यापासून लांब, खोल मातीतच हवेत.

पाणी तपासायचा संच गावात असतो, आणि प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तो वापरायला शिकवायचं असं मिशनमध्येच ठरलेलं आहे. बाटलीतलं पाणी काळं पडलं, तर त्यात घाणीतले जंतू आहेत असं समजायचं. यंदा पावसाळ्यानंतर झऱ्याचा नमुना आम्ही वाडीतल्या बायकांना सोबत घेऊनच भरला. पाणी काळं पडलं नाही. तरी पिण्याचं पाणी उकळूनच घ्यायचं, असं आम्ही दोन्हीकडच्यांनी ठरवलंय. एका नमुन्यावर निर्धास्त होता येत नाही.

मैत्रिणींनो, आज भांडी घासून झाली की एक काम करा. मोरीतून निघालेल्या पाण्याच्या मागं चालत जा आणि ते कुणाच्या दारात थांबतं ते बघा.