अंतर भागिले वेग, उत्तर चूक

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. राजधानी एक्सप्रेस बडोदा-कोटामार्गे जाते ते १,३८४. अनेक जण विमानालाही हाच आकडा लावतात. हवाई अंतर घेऊन जेट विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरला, तर भागाकार दीड तासाच्याही आत येतो. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ असते. मग कंपन्या खोटं सांगतात का?

नाही. तिकिटावरचा काळ निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतचा तो ‘ब्लॉक टाइम’ असतो. धावपट्टीपर्यंतची सरपट, पुढच्या विमानांची रांग, चढताना-उतरतानाचा कमी वेग, दिल्लीवर घालाव्या लागणाऱ्या घिरट्या, सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालवता येत नाही. हा खोळंबा ठाऊक असल्याने कंपन्या वेळापत्रकात सैलपणा ठेवतात. वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचलं की प्रवासी पायलटचं कौतुक करतात. श्रेय बहुतेकदा वेळापत्रक आखणाऱ्याचं असतं.

दुसरा गैरसमज भलताच चिवट आहे. मुंबईहून लंडनला जायला यायच्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, ते पृथ्वी फिरते म्हणून, असं शिकलीसवरलेली माणसंही सांगतात. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. हवा तिच्यासोबत फिरत नसती, तर जुहूवर तासभर अधांतरी थांबलेलं हेलिकॉप्टर थेट ओमानच्या किनाऱ्याशी उतरलं असतं!

खरं कारण वारा. मध्य अक्षांशांवर, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सिआरा’ वादळाच्या सुमारास ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा तासांहून जास्त लागतात. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या घरात गेला होता, तरी ध्वनीची भिंत ओलांडली गेली नाही, कारण भोवतालची हवाच पळत होती. मुंबई-दिल्ली मार्ग दक्षिणोत्तर असल्याने तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघही फसवते. मुंबई-न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग भूमध्य समुद्रावरून जात नाही. तो थेट ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आइसलंडच्या अक्षांशापर्यंत चढतो. गोलावर दोरा ताणला की कळतं.

तरीही विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना गुजरात, अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. कधी वळसा आपखुशीनेही घेतला जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजारावर किलोमीटरनी वाढलं, पण वारा पाठीशी आल्याने प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला.