कर्करोगाची खूण सांगणारी 'अडगळ'

कर्करोग हा शब्द उच्चारला की घरातले वातावरण बदलते. रोग्याला सांगावे की नाही, कोणाकडे न्यावे, खर्च कसा पेलावा, या विवंचनेत महिने निघून जातात. आम्ही काही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. तरीही या रोगासंबंधी चाललेले एक संशोधन सोप्या शब्दांत आपल्या सभासदांपर्यंत व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनए असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे तिजोरीत जपलेले मूळ लेजर होय. लेजर कोणी काउंटरवर आणून ठेवीत नाही. लागेल तेवढ्या पानाचा उतारा काढला जातो. हा उतारा म्हणजे आरएनए. त्यावरून पेशी प्रथिने तयार करते आणि शरीराची बहुतेक कामे ही प्रथिने पार पाडतात.

मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. प्रथिनांचा मजकूर असलेला भाग एकूण डीएनएच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे, असे आढळले. मग उरलेला भाग कशासाठी? सुसुमू ओनो या शास्त्रज्ञाने १९७२ सालीच अशा भागाला 'जंक', म्हणजे अडगळ, म्हटले होते. परंतु पुढे दिसून आले की या अडगळीतील पुष्कळ पानांचेही उतारे निघतात. ज्या उताऱ्यात दोनशेपेक्षा अधिक अक्षरे असतात, पण ज्यापासून प्रथिन बनत नाही, त्याला 'लाँग नॉन-कोडिंग आरएनए' म्हणतात. हेड ऑफिसचे सर्क्युलर कोणाला पैसे देत नाही, पण कोणते खाते चालू ठेवायचे व कोणते गोठवायचे हे त्यावरून ठरते. यांतील काही आरएनएंचे काम तसेच असते. सर्वांचेच काम सिद्ध झाले आहे, असे मात्र नव्हे.

कर्करोगात पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो. अशा वेळी यांपैकी काही आरएनए प्रमाणाबाहेर वाढलेले आढळतात. त्यांचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो.

पहिला उपयोग खूण म्हणून. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात 'पीसीए-३' नावाचा आरएनए पुष्कळ वाढतो, हे १९९९ साली नेदरलँड व अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. या रोगासाठी नेहमी केली जाणारी रक्तातील पीएसए तपासणी साध्या वाढलेल्या ग्रंथीतही जास्त येऊ शकते. मग सुईने तुकडा काढून बायोप्सी करावी लागते, आणि तीत काही न सापडल्यास पुन्हा करावी का, हा प्रश्न उरतो. अशा पुरुषांसाठी पीसीए-३ ची लघवीवरील तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली मान्य केली. ही तपासणी बायोप्सीची जागा घेत नाही. दुसरी बायोप्सी हवी की नको, हे ठरविण्यास मदत करते.

दुसरा उपयोग उपचाराचे लक्ष्य म्हणून. २००३ साली जर्मन संशोधकांना 'मॅलॅट-१' हा आरएनए फुप्फुसाच्या कर्करोगात सापडला. ज्या रोग्यांत तो अधिक होता, त्यांच्यात रोग इतरत्र पसरण्याचा धोका अधिक दिसला. मग तोच नष्ट केला तर? त्याला नेमका चिकटेल असा उलट अक्षरांचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनवता येतो. तो चिकटला की पेशीतलेच विकर त्या आरएनएला कापून टाकते. २०१६ साली अमेरिकेत उंदरांच्या स्तनांतील गाठींवर असा प्रयोग झाला, तेव्हा गाठींची वाढ मंदावली व रोगाचा प्रसार कमी झाला.

पण येथेच हुरळून जाऊ नये. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांना स्तनाच्या कर्करोगात हाच मॅलॅट-१ प्रसार रोखतो, असे आढळले. म्हणजे एकच सर्क्युलर कधी गुन्हेगार, कधी पहारेकरी! शिवाय असे औषध रक्तातून नेमके गाठीपर्यंत पोहोचविणे सोपे नाही. त्यामुळे मॅलॅट-१ वर नेम धरणारे कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध अद्याप बाजारात आलेले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे. 'एका थेंबात कर्करोग ओळखा' अशा जाहिराती पाहून कर्ज काढणारी, दागिने गहाण टाकणारी कुटुंबे आहेत. त्यांनी आधी विचारावे: ही तपासणी कोणत्या कर्करोगासाठी आहे? ती कोणी मान्य केली? तिचा निकाल आल्याने उपचारात काय बदलणार? उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे जपून ठेवावेत, उपचाराला लागतील.

उलट ज्या खुणांना यंत्र लागत नाही, त्यांकडे आपण दुर्लक्ष करतो. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, स्तनातील गाठ, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास लाज व भीती बाजूला ठेवून त्वरित रुग्णालयात जावे. तंबाखू सोडण्यास तर कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याला अडगळ म्हणून बाजूला सारले, त्यातच आज रोगाची खूण शोधली जात आहे. हे काम अपुरे आहे. ते पुढे नेणाऱ्यांत उद्या आपल्या वस्तीतील मुलामुलींची नावे असावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.