खंडित स्मृती आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष

महाविद्यालयीन शिक्षणाची सारी रचना एका गृहीतकावर उभी असते: सोमवारी व्याख्यानाला बसणारा, बुधवारी प्रयोगशाळेत जर्नल पूर्ण करणारा आणि सत्राअखेरीस परीक्षेला बसणारा विद्यार्थी एकच असतो आणि या साऱ्या दिवसांची आठवण त्याच्यापाशी सलग असते. ज्या आजारात नेमकी ही सलगता तुटते, त्याला मानसोपचारशास्त्रात विलगनात्मक ओळख विकार म्हणतात. लोकांच्या बोलण्यात तो बहुव्यक्तिमत्त्व म्हणून रुळला आहे. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याची याच अर्थाच्या नावाने नोंद झाली; १९९४ मध्ये मात्र ते नाव बदलण्यात आले, कारण एका देहात अनेक माणसे नांदत नसून एकाच माणसाची ओळख पुरेशी एकसंध झालेली नसते, हे त्यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा होती. स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता हा याहून निराळा आजार आहे.

स्मृती, भावना, शरीराची जाणीव आणि स्वत्वाचे भान या एरवी परस्परांत गुंफलेल्या प्रक्रिया एकमेकींपासून सुटणे म्हणजे विलगन. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच या प्रक्रियेची पद्धतशीर मांडणी केली होती. ज्यांच्यावर मूल सर्वस्वी अवलंबून असते त्यांच्याकडूनच लहान वयात दीर्घकाळ छळ झाला, तर त्या मुलाला पळता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही. अशा वेळी असह्य अनुभव जाणिवेच्या मुख्य प्रवाहापासून अलग ठेवले जातात आणि पुढे त्यांच्याभोवती वेगवेगळ्या ओळखी आकार घेतात, असे आघातवादी उपपत्ती मानते. काही संशोधक याउलट सूचनक्षमता, कल्पनाशीलता आणि सामाजिक प्रभाव यांवर भर देतात. या वादाच्या संदर्भात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात ११ रुग्णांची तुलना, निरनिराळ्या ओळखींचा अभिनय करण्यास सांगितलेल्या १८ निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. अभिनय करणाऱ्यांपैकी १० जण अतिशय कल्पनाशील होते. तरीही आघाताचे वर्णन ऐकताना रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाहात आणि शारीरिक प्रतिसादांत दिसलेला फरक त्यांना साधता आला नाही.

स्मृतीसंबंधीचे संशोधन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ राफाएल हुंटयेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांना एका ओळखीत असताना शब्दांची एक यादी शिकवली. ती पाहिल्याचे दुसऱ्या ओळखीला आठवत नव्हते, म्हणून तिला निराळी यादी देण्यात आली. प्रत्यक्ष चाचणीत मात्र पहिल्या यादीचा ठसा त्या दुसऱ्या ओळखीच्या उत्तरांतही उमटलेला आढळला. अनुभवाला येणारे विस्मरण खोटे असते, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल. परंतु शिकलेले पुसले जात नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अडलेली असते, हा निष्कर्ष आशादायक आहे.

चित्रपटांत दिसणारी नाट्यमय रूपांतरे प्रत्यक्षात थोड्याच रुग्णांमध्ये आढळतात. वर्गात हा विकार बहुधा निमूट असतो: तासाभराच्या व्याख्यानातील मधली वीस मिनिटे हरवतात, वहीत अनोळखी वळणाच्या अक्षरातील टिपणे सापडतात, सबमिशन देऊन झाल्याचे मित्र सांगतो आणि विद्यार्थ्याला त्याची काहीच आठवण नसते. हजेरीचे ७५ टक्के भरले नाहीत की अशा विद्यार्थ्यावर बेफिकिरीचा शिक्का बसतो. त्यातच वसतिगृहातील परकी खोली, जागरणे आणि परीक्षेचा ताण यांमुळे लक्षणे बळावू शकतात. ज्यांचे घरच असुरक्षित होते, त्यांच्या बाबतीत घरापासून दूर आल्यावर दडपलेल्या आठवणी वर येण्याचीही शक्यता असते.

उपचारांची सर्वमान्य दिशा तीन टप्प्यांची आहे. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघाताच्या आठवणींवर सावकाश काम आणि अखेरीस ओळखींचे एकत्रीकरण व जीवनाची नव्याने घडी. महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्यासाठी पहिला टप्पाच निर्णायक ठरतो, आणि त्यातील साधने साधी असतात. सर्व ओळखींसाठी एकच रोजनिशी ठेवून तीत तारीख, झालेला भाग, राहिलेले काम आणि पुढच्या ओळखीसाठी निरोप लिहिला जातो, तेव्हा आत तुटलेले सातत्य कागदावर सांधले जाते. भान सुटू लागताच पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात उच्चारली, तर लक्ष वर्तमानाकडे वळण्यास मदत होते.

संस्थेची जबाबदारी याहून कमी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ व लेखनिक यांची तरतूदही त्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क देतो. व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणास परवानगी, कामाच्या मुदती तोंडी न सांगता लेखी देणे आणि ज्याच्याकडे कधीही जाता येईल असा एक ठरलेला प्राध्यापक, एवढ्या सोयी कोणत्याही महाविद्यालयाला परवडणाऱ्या आहेत. तातडीच्या मानसिक आधारासाठी शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हा विकार असताना ज्ञानसाधना अशक्य आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. चीनच्या इतिहासाचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ऑक्सनम हे एशिया सोसायटीसारख्या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि २००५ मध्ये त्यांनी आपल्या बहुव्यक्तिमत्त्वाविषयी आत्मकथन प्रसिद्ध केले. सर्व ओळखी एकरूप होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात, काहींच्या बाबतीत तसे कधीच घडत नाही. पदवी मिळवण्यासाठी मात्र त्यांच्यातील सहकार्य पुरेसे असते, आणि ते सहकार्य रुजण्यास लागणारी सुरक्षितता व स्थैर्य महाविद्यालयाने देऊ केले पाहिजे.