कस्तुरीच्या भिंतींचं कारंजा

सुरतेच्या दुसऱ्या लुटीला जेमतेम दोन महिने झाले होते. डिसेंबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांची फौज थेट वऱ्हाडात, कारंज्यावर येऊन धडकली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेला तपशील वाचून आजही डोळे विस्फारतात. ४,००० बैल आणि गाढवं, त्यांच्या पाठीवर उंची कापड, सोनं, चांदी. किंमत एक कोटी! गावातले धनिक खंडणीसाठी धरले गेले. त्यातला सर्वांत बडा असामी तेवढा बाईच्या वेषात निसटला.

आज वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण असलेल्या या गावात एवढा पैसा आला कुठून? भोवतालच्या काळ्या कसदार जमिनीत कापूस होता आणि तो ओळखणारे लोक लांबून येऊन इथे वसले होते. गुजरातेकडून लाड समाजाचे लोक आले, राजस्थानातून बघेरवाल जैन आले. त्यांनी पेढ्या घातल्या, हवेल्या उठवल्या, मंदिरं बांधली. काष्ठासंघ या जैन संघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहिलं की ही मंडळी चार दिवसांसाठी आली नव्हती, हे कळतं.

इथल्या एका हवेलीची तर दंतकथाच आहे. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक व्यापारी आला. एवढा माल घेणार कोण? हवेलीचं बांधकाम काढलेल्या संघई सावकाराने म्हणे सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चिखलात कालवून भिंतींत घातली! आता हिशेब करू. एका नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीत कस्तुरी मिळते साधारण २५ ग्रॅम. एका उंटावर २०० किलो माल धरला, तरी ८,००० मृग लागतील. गोष्ट अर्थातच फुगवलेली आहे, पण सावकारांच्या नावावर असली बढाई खपावी, एवढा या गावाचा दबदबा होता.

माझ्या मते कारंज्याचं खरं धन मात्र बैलांवर लादलंच गेलं नाही. ते जैन मंदिरांच्या पोथ्यांत होतं. इथल्या ग्रंथभांडारांतल्या अपभ्रंश हस्तलिखितांवर हिरालाल जैन यांनी काम केलं आणि दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये छापून आलं. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या काळातली कविता वऱ्हाडातल्या व्यापारी गावाने जपून ठेवली होती.

तेव्हा कारंज्यात किंवा आसपास कुणाचा जुना वाडा पाडायला निघाला असेल, तर आधी माळा आणि कोनाडे नीट झाडून बघा. बासनात बांधलेले कागद सापडले तर रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा.