या चाकूचे गाव कोणते?

समजा, शेलूबाजारच्या एका दुकानात एकसारखे १२ चाकू टांगलेले आहेत. त्यांतला एक गुन्ह्याच्या जागी सापडला, आणि तसाच दुसरा तुमच्या घरी आहे. मग तुमच्यावर संशय घ्यावा काय? शिक्का, मूठ, पोलादातील क्रोमियमचे प्रमाण ही साऱ्या कुळाची लक्षणे. त्यांवरून फार तर कारखाना कळेल.

परंतु धार लावणारे चक्र सतत झिजत असते. म्हणून पात्यापात्यावरचे ओरखडे वेगळे. वापराने पडलेल्या खाचा तर ज्याच्या त्याच्याच! हाडावर उमटलेल्या अशा खुणा तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्याशी ताडून पाहतात.

१९३२ साली अमेरिकेत लिंडबर्ग यांच्या बाळाचे अपहरण झाले. तेथे सापडलेल्या शिडीच्या लाकडावर रंधायंत्राच्या खुणा होत्या. काष्ठतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी त्या मोजल्या : रुंद बाजूंना ८ पाती, कडांना ६. एवढ्यावरून त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील गिरणी गाठली व तेथून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वखार. पण वखारीत विक्री रोखीने होई, गिऱ्हाइकांची नावे नव्हती. माग तेथेच थांबला. १९३४ मध्ये हाउप्टमान पकडला गेला, तो खंडणीतल्या एका नोटेमुळे.