गहू वर्ज्य असेल तर पाकिटावरचे आकडे कसे वाचावेत?



ऊस नोंदीसाठी पेडगाव शिवारात फिरताना एका सभासदाने चहाला घरी नेले आणि बाजारातली दोन-तीन रिकामी पाकिटे पुढे ठेवली. "साहेब, नातीला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय. ह्या पाकिटांवर ३३०, ६२१ असे नंबर हायेत. चालतील का? भीतीपोटी आम्ही लेकराची साखर पण बंद केली बघा."

माझा विषय उसाचा, दवाखान्याचा नव्हे. पण ह्या आकड्यांमागचे बरेच पदार्थ उसापासूनच होतात, म्हणून चार शब्द लिहितो.

आजार काय आहे?

कणीक पाण्यात धुतली की स्टार्च वाहून जाते आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. ते ग्लुटेन. सिलिॲक आजार असलेल्याला गहू, सातू (जव) आणि राय यांतले हे प्रथिन सोसत नाही. आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, रक्त कमी होणे, मुलांची वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे पाव मिळेना, तेव्हा अशी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हावर आधीपासून संशय असलेले तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला.

आकड्यांना भिऊ नये

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. मळी किंवा साखरेवर बुरशी वाढवून ते काढतात. ६२१ म्हणजे अजिनोमोटो, तेही मळी किंवा स्टार्च आंबवून होते. २६० हे व्हिनेगरमधले आम्ल, ५०० खाण्याचा सोडा, ४१२ गवारीचा डिंक, ३२२ हे बहुधा सोयाबीनचे लेसिथिन. १५० म्हणजे कॅरामल रंग, तो साखर जाळून करतात. यांत ग्लुटेनची अडचण सहसा नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव 'माल्ट'सारखे वाटते, पण ते बहुतेक मक्याचे असते. १४०० च्या पुढचे आकडे सुधारित स्टार्चचे. ते गव्हाचे असेल तर पाकिटावर गव्हाचा उल्लेख करावा लागतो. साखर, गूळ, काकवी यांत ग्लुटेन नाही. लेकराची साखर त्यासाठी बंद करण्याचे कारण नाही.

खरा धोका कुठे आहे?

१) हिंग : शुद्ध हिंग म्हणजे झाडाचा चीक, त्यात ग्लुटेन नाही. पण दुकानातला बांधणी हिंग डिंक आणि पीठ मिसळून करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. त्या घरातली डबी पाहिली तर त्यावर 'गव्हाचे पीठ' स्पष्ट छापलेले! पोळी बंद, पण रोजची फोडणी चालूच. तांदळाच्या पिठाचा हिंग मागून घ्यावा.

२) माल्टची पावडर : अशक्त लेकराला ताकद यावी म्हणून दुधात घालतात, पण हे माल्ट बहुधा सातूचे किंवा गव्हाचे असते. नाचणीचे सत्त्व मात्र चालते.

३) सोया सॉस : गाड्यावरच्या चायनीजमध्ये पडणाऱ्या ह्या सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

४) मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचे पीठ : आजाऱ्याला हलके म्हणून मेतकूट-भात देतात, पण मेतकुटातही गहू पडतो. खपली हाही गहूच, तो 'चालतो' हा समज चुकीचा आहे.

५) गिरणी : गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. घरी जाते किंवा छोटी चक्की असेल तर उत्तम.

काय करावे?

पाकिटावरची घटकांची यादी आणि खालची 'यात गहू आहे' अशा अर्थाची ओळ आधी वाचावी, आकडे नंतर. 'ग्लुटेनमुक्त' छापलेल्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे.

आणखी एक महत्त्वाचे. नुसत्या संशयावरून गहू सोडू नये. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर आजार असूनही तो तपासणीत दिसत नाही. म्हणून आधी डॉक्टर, मग पथ्य.

आपल्या भागाला ह्या पथ्याचे भय नको. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, डाळी सारे चालते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली दिलेल्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्तही जास्त आहे. उसाच्या पट्ट्यात घरापुरती चार गुंठे ज्वारी ठेवली तरी अशा लेकराची वर्षाची भाकरी शेतातच पिकते.

— ऊस विकास अधिकारी