कान आधी, गळा नंतर

पहाटे ५.३०
तानपुरा लावायला घेते. पंचम, जोडीचे दोन षड्ज, शेवटी खर्ज. जवारीवरचा दोरा केसभर सरकवला की तार बोलू लागते. मग अर्धा तास फक्त खर्जाचा रियाज. दिवसभर मुलं माझाच सा उचलणार. तो डळमळीत असून चालणार नाही.

सकाळी ७
विशारद परीक्षेच्या मुली. भैरव, विलंबित एकताल. एकीचे आलाप सुरेख, पण सम जवळ आली की बोटांवर मात्रा मोजायला लागते आणि स्वर सुटतो. "मोजू नकोस गं, ठेका ऐक. दहाव्या मात्रेचं तिरकिट वाजलं की मुखड्याची तयारी." चार आवर्तनं तिला नुसतं ऐकायला लावलं. पाचव्यात मुखडा घेतला आणि अलगद समेवर आली. चेहरा असा खुलला की दुसरीनेही लगेच हात मांडीवर ठेवले.

सकाळी ११
निवृत्तीनंतर गाणं सुरू केलेली मंडळी. एका काकूंचा हट्ट काळी चारचाच, कारण कॉलेजात त्याच पट्टीत गायच्या. "काकू, आज काळी तीनमध्ये म्हणून बघा." तार षड्ज न ओरडता लागला. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. वयाप्रमाणे गळा बदलतो, तशी पट्टीही बदलावी.

दुपारी २
परीक्षेचे अर्ज, वह्या तपासणं. कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ मुलं हमखास विसरतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं सर्वांसाठी खुलं केलं. प्रारंभिक ते अलंकार ही आजची परीक्षांची शिडी त्याच परंपरेतली. शिडी हवीच, पण प्रमाणपत्रासाठी पाठ केलेला राग परीक्षेनंतर टिकत नाही. कानाने ओळखलेला टिकतो.

दुपारी ४.३०
प्रारंभिकची चिल्लीपिल्ली. भूप: सा रे ग प ध. मी आरोह म्हणते आणि मधेच मुद्दाम मध्यम घुसवते. ज्याला खटकेल त्याने टाळी वाजवायची. आज सगळ्यात आधी टाळी वाजवली ती कधीच तोंड न उघडणाऱ्या मुलीने. "ताई, हा आपला नाही!" व्याख्या नंतर पाठ होईल, वर्ज्य स्वर म्हणजे काय हे तिला कळलं.

सायंकाळी ७
आठवड्यातून एकदा सगळे एकत्र. यमन. नवशिक्यांनी सा धरायचा, मध्यमा परीक्षेच्या मुलांनी त्यावर नी रे ग, विशारदच्या मुलींनी आलाप. भावगीतापुरतंच शिकायला आलेलेही यात बसतात. सा धरणाऱ्याला वाटतं आपलं काम सोपं. पण वर आलाप चालू असताना आपला सा न सोडणं हीच खरी परीक्षा. आणि सा घसरला की आलाप घेणारीला तत्क्षणी कळतं. सगळे एकमेकांचे गुरू होतात.

रात्री ९.३०
डायरी. कोण काय गायलं यापेक्षा कुणाला काय ऐकू आलं, हे मी लिहून ठेवते. टाळी वाजवणारीला उद्या पहिली एकटीने गाऊ द्यायचं. अकराच्या वर्गातल्या एका काकांचा पंचम अजून चढा लागतो. त्यांना उद्या गायला सांगायचं नाही. तानपुरा त्यांच्याच हातात द्यायचा आणि पंचमाची तार त्यांनाच जुळवायला लावायची.